गांजाचे स्ट्रेन: नाव, वास, नशा आणि आपलं शरीर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबईतल्या कॉलेजांत अमली पदार्थांवर बोलायला गेलं की हॉलमध्ये फारसं कोणी तोंड उघडत नाही. प्रश्न येतात ते नंतर, रात्री, मेसेजवर. त्यातले बरेचसे 'स्ट्रेन'बद्दल असतात: कोणता हलका, कोणता कडक, कोणता कोणाला मानवतो. पालकही विचारतात, आणि आजारी माणसांची मुलंही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भारतात गांजा बेकायदा आहे आणि ही माहिती म्हणजे वापरण्याचा सल्ला नव्हे. पण ऐकीव गोष्टींवर विसंबून मुलं स्वतःच्या डोक्याशी खेळतात, तेव्हा गप्प बसवत नाही.

१. गांजा, चरस आणि भांग ही वेगवेगळी झाडं आहेत का?

नाही, झाड एकच. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. त्याच फुलोऱ्यावरची चिकट राळ चोळून किंवा चाळून काढली की चरस. पानं वाटून केलेली ती भांग.

नशा आणणारं टीएचसी पानांच्या आणि फुलांच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत तयार होतं. साध्या भिंगातून फुलालगतचं कोवळं पान पाहिलं तर बारीक देठावर उभ्या, गोल डोक्याच्या पारदर्शक ग्रंथी खच्चून दिसतात. झाडाच्या खालच्या मोठ्या पानावर त्या तुरळक असतात. भांग तुलनेने सौम्य, गांजा कडक आणि चरस त्याहून कडक, हा फरक इथून येतो.

या झाडात नर आणि मादी वेगळे असतात. मादीला पराग मिळाला नाही तर ती बी धरत नाही आणि फुलोरा वाढवत राहते. पुडीत बिया निघाल्या तर ते बहुधा उघड्या शेतातलं, परागण झालेलं पीक असतं. तिन्हींमधला कायद्याचा फरक प्रश्न १२ मध्ये आहे.

२. मग 'स्ट्रेन' म्हणजे नेमकं काय?

स्ट्रेन म्हणजे वाण. काही वाण एखाद्या डोंगरात किंवा खोऱ्यात पिढ्यानपिढ्या रुजत आले, काही गेल्या पन्नासेक वर्षांत अमेरिका-युरोपातल्या लोकांनी संकर करून काढले. आज ऐकू येणारी चमचमीत इंग्रजी नावं बहुतेक दुसऱ्या गटातली.

आपल्याला हे हापूसवरून पटकन कळेल. हापूसचं कलम बांधलं तर तोच आंबा येतो, कोय लावली तर काय येईल याचा भरवसा नाही. गांजाचंही तसंच आहे: एका झाडाची फांदी रुजवली तर जुळं झाड मिळतं, बियांपासून मिळतात ती भावंडं, एकमेकांपेक्षा वेगळी. दुसरी गोष्टही सारखीच. वाशीच्या मार्केटात 'देवगड' छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघू शकतो. हापूसला निदान २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे. गांजाच्या नावांना कसलीच नोंद नाही. जिथे विक्री कायदेशीर आहे त्या अमेरिकेतही एकाच नावाच्या नमुन्यांची जनुकं तपासली, तेव्हा वेगवेगळ्या दुकानांतले नमुने एकमेकांशी जुळले नाहीत. संशोधक म्हणून नावाऐवजी रासायनिक प्रकार बघतात. ते प्रश्न ४ मध्ये.

३. सॅटिव्हाने तरतरी येते आणि इंडिकाने झोप लागते, हे खरं ना?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. उत्तर: या नावांवरून परिणाम सांगता येत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या झाडाला कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिलं, तेव्हा त्याच्यासमोर युरोपातलं, धाग्यासाठी लावलं जाणारं झाड होतं. १७८५ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मांडली, कारण ते झाड दिसायला वेगळं होतं आणि नशा आणणारं होतं. एक झोपेचं आणि एक तरतरीचं, अशी वाटणी दोघांनीही केलेली नव्हती. पुढे बाजाराने उंच, बारीक पानांच्या झाडांना सॅटिव्हा आणि अफगाणिस्तानकडच्या बुटक्या, रुंद पानांच्या झाडांना इंडिका म्हणायला सुरुवात केली. गंमत अशी की दक्षिण भारतातला उंच, बारीक पानांचा गांजा आजच्या बाजारभाषेत 'सॅटिव्हा' ठरतो, आणि लामार्कच्या हातात आलेलं भारतीय झाड तसल्याच बारीक पानांचं होतं.

२०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जनुकं तपासली, तेव्हा ही लेबलं आणि झाडाचं मूळ यांचा मेळ फारच कच्चा निघाला. २०२१ च्या अभ्यासात लेबलांचा थोडाफार संबंध दिसला तो काही सुवासिक द्रव्यांशी. म्हणजे विकणाऱ्यांनी वासावरून लेबल लावलं असावं. पानाच्या आकारावरून मेंदूत काय होईल हे कळत नाही.

४. टीएचसी आणि सीबीडी यांत फरक काय?

स्ट्रेनमधला खरा फरक इथे आहे.

टीएचसी मेंदूतल्या सीबी१ नावाच्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) बसतं. हसू, भूक, वेळ लांबल्यासारखा वाटणं, तोंड कोरडं पडणं, धडधड, घबराट, विसरणं, सगळं त्यातूनच. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळं केलं. सीबीडी त्या ग्राहींवर तसं बसत नाही, त्यामुळे त्याने नशा होत नाही. याचा अर्थ त्याचा शरीरावर परिणामच होत नाही, असा मात्र नाही.

दोन्ही द्रव्यं झाडात एकाच पूर्वद्रव्यापासून बनतात. कोणतं विकर (एन्झाइम) जास्त काम करतं ते झाडाच्या जनुकांवर ठरतं. त्यावरून तीन गट पडतात: टीएचसी जास्त असलेला, दोन्ही जवळपास सारखे असलेला आणि सीबीडी जास्त असलेला. रस्त्यावर मिळणारा गांजा जवळजवळ सगळा पहिल्या गटातला असतो. नशेसाठी निवड करत गेल्यामुळे सीबीडी मागे पडत गेलं.

कच्च्या झाडात टीएचसी आम्लाच्या रूपात असतं आणि तसं ते नशा आणत नाही. उष्णता लागली की आम्लाचा भाग सुटतो. जाळून ओढताना हे क्षणात होतं.

५. वासावरून स्ट्रेन ओळखता येतो का?

थोडंफार वर्णन करता येतं, ओळख पटत नाही. वास येतो टर्पीन नावाच्या द्रव्यांचा, आणि ती गांजाची मक्तेदारी नाही. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन, चीड-देवदाराच्या जातीतलं पायनीन, लॅव्हेंडरमधलं लिनालूल, काळ्या मिरीतलं आणि लवंगेतलं कॅरिओफिलीन, हे सगळे गांजात कमीजास्त सापडतात. ती उडून जाणारी द्रव्यं आहेत. माल उन्हात पडला, कोंदट खोलीत महिनाभर राहिला की वास बदलतो, टीएचसीचं प्रमाण मात्र नाकाला कळत नाही.

टर्पीन नशेचा स्वभाव बदलतात, असं म्हणतात. पुरावा अजून तोकडा आहे. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात लिमोनीन वाफेतून दिल्यावर टीएचसीने येणारी घबराट कमी झाली. पण ती मात्रा साध्या फुलात असते त्याहून बरीच मोठी होती.

वासावरून एक गोष्ट मात्र नक्की लक्षात घ्या. कुबट वास म्हणजे बुरशी. केमो चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ही बुरशी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते.

६. एकाच जॉइंटमधून दोघांनी ओढलं. मित्र हसत बसला, मला घाम फुटला, मरतोय की काय वाटलं. असं का?

स्ट्रेन एकच असताना अनुभव दोन, म्हणजे फरक माणसात आहे. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर.

पहिलं, सवय. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूतले सीबी१ ग्राही कमी झालेले असतात. त्याला जेमतेम कळतं तेवढ्यात नवखा आडवा होतो. मित्राच्या मापाने आपलं माप ठरवणं इथेच चुकतं.

दुसरं, मात्रा. टीएचसीचा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही. शिकागोत २०१७ मध्ये झालेल्या प्रयोगात लोकांना अनोळखी माणसांसमोर बोलायला लावलं. ७.५ मिलिग्रॅम टीएचसी घेतलेल्यांचा ताण कमी झाला, १२.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांचा वाढला. शांत होणं आणि घाबरणं यांत अंतर एवढंच. दोन झुरके जास्त झाले की माणूस ते पार करून जातो.

तिसरं, यकृत. टीएचसी मोडणारं सीवायपी२सी९ हे विकर काही लोकांत जन्मतःच मंद असतं. त्यांच्या रक्तात टीएचसी जास्त वाढतं आणि जास्त वेळ राहतं. बाहेरून बघून हे कोणालाच कळत नाही.

चौथं, त्या वेळची मनःस्थिती. परीक्षेचं टेन्शन, रात्रभर जागरण, उपाशी पोट, गच्चीवर कोणी येईल ही भीती. टीएचसीने नाडी वाढतेच, आणि घाबरलेला माणूस त्या धडधडीला हार्ट अटॅक समजतो. मग धडधड आणखी वाढते.

अशा वेळी त्याला एकटं सोडू नका. मोकळ्या हवेत बसवा, पाणी द्या, शांतपणे बोलत राहा. ओढलेल्याचा जोर बहुधा दोन-तीन तासांत उतरतो. पण छातीत खरंच दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, सारखी उलटी होत असेल किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा. पोलिसांच्या भीतीने खोटं सांगितलं की उपचार चुकतात.

७. माझा स्वभाव चिंता करणारा आहे. मला कोणता स्ट्रेन सूट होईल?

मुंबईत या प्रश्नाला कोणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. पेडलर तर नाहीच.

जिथे प्रयोगशाळेत तपासलेलं लेबल असतं तिथे लोक तीन गोष्टी बघतात: टीएचसी किती, सीबीडीशी त्याचं प्रमाण काय, घ्यायचं कसं. इथे पुडीवर लेबलच नसतं. त्यातल्या टीएचसीचा आकडा ना विकणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. 'हा माइल्ड आहे, टेन्शन जाईल' या वाक्यामागे काहीही नाही.

सीबीडी जास्त असेल तर टीएचसीचा त्रास होत नाही, हेही गृहीत धरू नका. नियंत्रित प्रयोगांत हे संरक्षण दर वेळी दिसलेलं नाही. आणि चिंता हाच मूळ त्रास असेल तर प्रश्न ६ मधली मात्रेची गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागू आहे. चिंतेवर चांगले उपचार आहेत. केईएम, सायन, नायर इथल्या मानसोपचार ओपीडीत ते अगदी कमी खर्चात होतात, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

८. कोणताच स्ट्रेन चालणार नाही, असे लोक कोण?

घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, स्वतःला कधी भास झाले असतील, तर गांजापासून पूर्ण लांब राहा. २०१९ मध्ये युरोपातल्या अनेक शहरांत आणि ब्राझीलमध्ये झालेल्या अभ्यासात १० टक्के किंवा जास्त टीएचसीचा गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसचं (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराचं) प्रमाण, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ पाचपट आढळलं.

पंचविशीच्या आतली मुलं, कारण मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका. हृदयरोगी. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा फिट्सची औषधं घेणारे. यातल्या कोणाला 'हलका स्ट्रेन चालेल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

९. झोप येत नाही म्हणून रात्री थोडा ओढतो. त्याला झोपेचा स्ट्रेन चांगला ना?

टीएचसीने डोळा लवकर लागतो, हे खरं. पण सवय झाली की तो परिणाम बोथट होतो, आणि स्वप्नांची झोप कमी होते. सोडल्यावर काही दिवस झोप उडते आणि विचित्र, जिवंत स्वप्नं पडतात. तेव्हा माणूस म्हणतो, 'बघ, याच्याशिवाय झोपच येत नाही.' ती सोडतानाची लक्षणं असतात. स्ट्रेन बदलून हा फेरा सुटत नाही.

१०. मलाना, इडुक्की, शीलावती, हायड्रो... या नावांत खरंच फरक आहे का?

प्रदेशाचा फरक खरा आहे. मलाना हिमाचलातलं, तिथली ओळख हाताने चोळलेला चरस. इडुक्की केरळच्या डोंगरातलं, गांजाचं नाव. शीलावती आंध्र-ओडिशा सीमेवरच्या घाटातलं. असे फरक लोकांना फार आधीपासून ठाऊक होते. १८९३-९४ च्या ब्रिटिश आयोगाने देशभर फिरून चपटा, गोल आणि चुरा असे गांजाचे प्रकारही नोंदवले होते.

पण मुंबईत जे मलाना म्हणून हातात येतं ते तिथलंच असेल, याची कसलीही खात्री नाही. नाव चढं, भाव चढा, एवढंच.

'हायड्रो' हा स्ट्रेनच नव्हे. मातीशिवाय, पाण्यातल्या खतांवर, बंद खोलीत दिव्यांखाली वाढवण्याची ती पद्धत आहे. तिथे कडक वाणच लावतात, म्हणून माल कडक असतो. गेल्या काही वर्षांत मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्यांच्या बॅगांत कस्टम्सने वारंवार हाच पकडला आहे.

११. आमच्या वडिलांच्या पिढीतही लोक ओढायचे. त्यांना काही झालं नाही, मग आताच एवढा बाऊ का?

तेव्हाचा गांजा आणि आताचा एक नाही. अमेरिकेत जप्त मालाच्या तपासणीत १९९५ च्या सुमारास सरासरी टीएचसी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि सीबीडी घटलं. हायड्रो मालात ते त्याहूनही जास्त असू शकतं. आणि त्या पिढीतही ज्यांना त्रास झाला त्यांची गोष्ट घरात कोणी सांगितली नाही.

१२. भांग तर कायदेशीर आहे ना? आणि थोडासा गांजा जवळ असला तर काय होतं?

अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा म्हणजे १९८५ चा एनडीपीएस कायदा. त्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग केंद्राच्या कायद्यातून सुटते. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्यात भांगही मादक द्रव्य धरलेली आहे. परवान्याशिवाय ती बाळगणं, विकणं गुन्हा आहे. वाराणसीत सरकारी ठेका बघितला म्हणून इथेही चालतं, असं नाही.

गांजाचं 'अल्प प्रमाण' १ किलोपर्यंत, 'व्यापारी प्रमाण' २० किलो. चरसाचं अनुक्रमे १०० ग्रॅम आणि १ किलो. अल्प प्रमाणातही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. कुंडीत झाड लावणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे: दहा वर्षांपर्यंत. स्ट्रेन कोणता यावर कायदा काही ठरवत नाही.

याच कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. फार थोड्या घरांना हे माहीत असतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

१३. होळीला भांग प्यायलो, तासभर काही झालं नाही म्हणून दुसरा ग्लास घेतला. मग दुसऱ्या दिवसापर्यंत उठता आलं नाही. भांगेचा स्ट्रेन कडक होता का?

बहुधा नाही, तो पोटातून जाण्याचा परिणाम होता. ओढलेलं टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोहोचतं. प्यायलेलं आधी यकृतात जातं, तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं आणि तेही नशा आणणारंच आहे. चढायला अर्धा ते दोन तास लागतात, उतरायला सहा-आठ तास किंवा जास्त. पहिला ग्लास पोटात काम करत असतानाच दुसरा आत गेला. थंडाईतल्या दूध-बदामातल्या स्निग्धांशामुळे शोषणही वाढतं. कोणत्या ग्लासात किती भांग पडली ते वाटणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

१४. आईचे टाटात उपचार चालू आहेत. कोणी 'विजया' तेल सुचवलंय. द्यावं का?

आधी तिच्या डॉक्टरांना बाटली दाखवा, मग ठरवा. विजया म्हणजे हेच झाड. आयुर्वेदात त्याची औषधं आहेत, ती परवानाधारक उत्पादकाची आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. केमोच्या मळमळीवर टीएचसीसारखी औषधं उपयोगी पडल्याचा पुरावा आहे. नॅबिलोन आणि ड्रोनॅबिनॉल याच कामासाठी अमेरिकेत १९८५ मध्ये मान्य झाली. मुलांच्या काही दुर्मिळ, हट्टी फिट्सवर शुद्ध सीबीडीचं औषध २०१८ मध्ये मान्य झालं. पण गाठ विरघळते, कॅन्सर बरा होतो, असं सांगून कोणी विकत असेल तर तो तुमच्या आईचा वेळ घेतोय. तिच्या चालू औषधांशी काय होईल ते डॉक्टरांनीच बघायला हवं, कारण सीबीडी यकृतातली औषधं मोडणारी विकरं अडवतं.

१५. हेम्पच्या (म्हणजे याच झाडाच्या) बियांचं तेल खातो. ऑफिसच्या लघवीच्या टेस्टमध्ये येईल का? आणि टेस्टमध्ये स्ट्रेन कळतो का?

स्ट्रेन कळत नाही. टेस्ट शोधते ते टीएचसी शरीरात मोडल्यावर उरणारं द्रव्य, आणि ते मलाना असो की भांग, सारखंच असतं. ते चरबीत साठतं. एखाद्या वेळी ओढलेल्याच्या लघवीत ते काही दिवस दिसतं, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे. लिंबूपाणी पिऊन ते निघून जात नाही.

बियांत टीएचसी बनत नाही, फक्त बाहेरून राळ चिकटलेली असू शकते. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) २०२१ मध्ये हेम्प बिया, त्यांचं तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य करताना त्यातल्या टीएचसीवर मर्यादा घातली. परवाना क्रमांक असलेलं बियांचं तेल नेहमीच्या खाण्याइतकं घेतलं तर टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची शक्यता फार कमी. झाडाच्या अर्कापासून केलेलं 'फुल स्पेक्ट्रम' तेल ही निराळी वस्तू आहे. त्यात टीएचसी असतं आणि रोज घेतलं तर टेस्टमध्ये येऊ शकतं. वैमानिक किंवा एअर ट्रॅफिक कंट्रोलर असाल, जिथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमाने अशी तपासणी होते, तर असलं तेल सुरू करण्याआधी कंपनीच्या डॉक्टरांना लेखी कळवा आणि बाटली फेकू नका.